मेलेल्या माणसाचं वकीलपत्र

पहिल्या तासाला डॉक्टर सफीनाझ एका मुलाला उभं करायच्या आणि विचारायच्या, "तुझं काय दुखतंय?"

मुलगा गोंधळायचा. "काही नाही, डॉक्टर."

"मग बस खाली. ज्याचं काही दुखत नाही त्याला कोर्टाचं दार नाही. हा पहिला धडा. दुसरा धडा असा, की ज्याचं दुखतं तो कोर्टात येत नाही. परीक्षेत दोन्ही विचारीन."

आमच्याकडे कॉलेजात शिकवणाऱ्यालाही डॉक्टरच म्हणतात. त्यांनी एकोणतीस वर्षं कायदा शिकवला आणि एकोणतीस वर्षं दुसऱ्यांच्या दुखण्याचे खटले फुकट चालवले. अकरा जिंकले. त्यातले चार निकाल सरकारनं पाळले.

त्यांचे वडील कोर्टात बेलिफ होते. सायकलवरून नोटिसा पोचवायचे. लोक वरून भांड्यांचं पाणी ओतायचे. घरी येऊन ते शर्ट पिळत म्हणायचे, "मी फक्त कागद पोचवतो." मुलगी हुशार निघाली. सरकारनं तिला फ्रान्सला पाठवलं. पाच वर्षांनी ती डॉक्टरेट आणि पोटाचा अल्सर घेऊन परत आली. बरोबरीच्यांनी कैरोत ऑफिसं थाटली, कंपन्यांना सल्ले विकले. त्या डेल्टातल्या आमच्या शहरात राहिल्या. किडनीच्या रुग्णांसाठी भांडल्या, शाळेच्या पाण्यासाठी भांडल्या, कालव्याकाठच्या पाडलेल्या घरांसाठी भांडल्या. नवरा शेतकी खात्यात होता. सात वर्षं टिकला. जाताना शेजाऱ्याला म्हणाला, "या घरात माझं काहीच दुखत नाही, म्हणून मला दार नाही." हा विनोद डॉक्टर स्वतः सांगायच्या. हसायच्या नाहीत.

मी साहित्य शिकले. पदवीनंतर दोन वर्षं घरी बसले होते. त्यांच्या अर्जांची भाषा तपासायला म्हणून गेले आणि राहिले. "विशेषणं काप," त्या म्हणायच्या. "न्यायाधीश रडत नसतो. त्याला तारीख सांग, जागा सांग, आकडा सांग." तीन वर्षं मी विशेषणं कापली. आमची मैत्री होती असं मी म्हणते. त्या काय म्हणाल्या असत्या, माहीत नाही.

कफ्र शाहीनचा खटला मी गेले तेव्हा सुरूच होता. वस्तीच्या मधोमध कारखाना. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या आणि शिसं वितळवायचं. मालक हाज फहीम; हज केलेल्याला किंवा नुसत्या वयानं मोठ्यालाही आमच्याकडे हाज म्हणतात. गव्हर्नरच्या कचेरीनं त्याचा परवाना वाढवून दिला होता. तो रद्द करा, एवढीच मागणी. सुरुवातीला वस्तीतल्या चौदा जणांनी डॉक्टरना वकीलपत्र दिलं. मग एकाचा मुलगा कारखान्यात लागला. दुसऱ्याचा भाऊ लागला. वकीलपत्र रद्द केल्याची नोटीस घेऊन बेलिफ यायचा, तोही नेमका तास चालू असताना. डॉक्टर खडू ठेवून सही करायच्या आणि वर्गाकडे वळून म्हणायच्या, "तेरा." पुढच्या महिन्यात, "बारा." एकदा मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "डॉक्टर, लिलाव चाललाय का?"

"हो," त्या म्हणाल्या. "उलटा."

शेवटी एक राहिला. हाज शलबी, इस्त्रीवाला.

त्याचं दुकान कारखान्याच्या भिंतीला लागून. चाळीस वर्षं तो तिथं शर्ट कडक करत होता. आता त्याचा उजवा पंजा मनगटापासून लोंबायचा. शिशानं असं होतं, असं हॉस्पिटलच्या कागदावर लिहिलं होतं. इस्त्री उचलत नसे. डाव्या हातानं करायचा आणि कॉलर जाळायचा. डॉक्टर पहिल्यांदा त्याच्या घरी गेल्या तेव्हा मी बरोबर होते. त्याची बायको उम्म सब्री डॉक्टरना गुडघा दाखवायला पुढे सरकली.

"अगं, त्या तसल्या डॉक्टर नाहीत," हाज म्हणाला.

"मग कसल्या?"

"कायद्याच्या."

"म्हणजे बरं कुणालाच करत नाहीत?"

डॉक्टर हसल्या. तीन वर्षांत मी त्यांना मोठ्यानं हसताना पाहिलं ते तेवढंच.

मी एकदा हाजला विचारलं, सगळ्यांनी वकीलपत्र काढून घेतलं, तुम्ही का नाही? त्यानं लोंबणारा पंजा वर धरला. "हे घेऊन मला कारखान्यात कोण ठेवेल, पोरी? मला विकत घ्यायलाच कुणी आलं नाही." नंतर म्हणाला, "आणि कॉलर जळते तेव्हा फार राग येतो."

पाच वर्षं तारखा पडल्या. कोर्टाला सल्ला देणाऱ्या सरकारी अभ्यासकांचा अहवाल यायला दोन वर्षं लागली. अहवाल आमच्या बाजूनं आला. एक सुनावणी उरली, रविवारची; आमच्याकडे सुट्टी शुक्रवारी असते. ती संपली की कोर्ट निकाल राखून ठेवणार होतं. एकदा निकाल राखून ठेवला की मग अशील मेला तरी चालतं, निकाल लागतो. त्याआधी मेला तर त्याचं वकीलपत्र त्याच्याबरोबर मरतं. खटला जागच्या जागी थांबतो आणि वारस उभे राहिले तरच पुढे सरकतो. हाजची किडनीही गेली होती. डॉक्टर त्याला तोंडावर सांगायच्या.

"हाज, रविवारपर्यंत मरायचं नाही."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी तुमची मर्जी."

तो बुधवारी पहाटे गेला.

उम्म सब्रीनं मला फोन केला. मी डॉक्टरना केला. सात वाजता आम्ही दोघी त्याच्या घरी होतो. हाज पलंगावर होता, जबडा फडक्यानं बांधलेला. डॉक्टरांनी सांत्वनाचं एक वाक्यही म्हटलं नाही.

"कुणाला सांगितलंत?"

"कुवेतला. सब्रीला." तो त्यांचा एकुलता मुलगा; उम्म सब्री म्हणजे सब्रीची आई. तिथं एका हॉटेलच्या भटारखान्यात मुकादम.

"गल्लीत?"

"अजून नाही. आता मशिदीत सांगायला पाठवते."

"नका पाठवू."

मग त्यांनी सांगितलं. चार दिवस. मशिदीच्या भोंग्यावर नाव नाही. मांडव नाही, कुराण म्हणायला शेख नाही. काळे कपडे नाहीत. दफन इथं नाही, त्याच्या मूळ गावी. कुणी विचारलं तर कैरोच्या हॉस्पिटलात नेलंय.

उम्म सब्री त्यांच्याकडे बघत राहिली. "मांडव नाही? तो काय कुत्रा होता?"

"त्यांनी पाच वर्षं घातली यात. रविवारी दहा वाजता संपतंय. तुम्ही आज रडलात तर पाच वर्षं गेली. रविवारी दुपारी रडा. मी मांडव घालीन, गल्ली अडेल एवढा."

"माझा गळा काय नळ आहे, डॉक्टर? रविवारी सोडायचा?"

उम्म सब्रीनं नवऱ्याकडे पाहिलं. "तो काय म्हणाला असता?"

"थांब म्हणाले असते."

हे खरंही असेल. मला अजून ठरवता येत नाही. उम्म सब्रीनं मात्र ते खरं मानलं. तिनं उठून काळा झगा परत कपाटात ठेवला आणि फुलाफुलांचा घातला.

गाडी आली. प्रेत म्हणून नेलं असतं तर गल्लीनं पाहिलं असतं. डॉक्टरांनी जबड्याचं फडकं सोडलं. डोक्याखाली उशी दिली, गळ्यापर्यंत घोंगडी ओढली, चेहरा उघडा ठेवला. आजारी माणसासारखं त्याला जिन्यावरून उतरवलं. मी पायाकडे होते. समोरची भाजीवाली बसीमा ओरडली, "हाज, लवकर बरे होऊन या! तुमच्याशिवाय इथं शर्ट कोण जाळणार?" कारखान्याचा दरवानही खुर्चीवरून उठला आणि त्यानं छातीवर हात ठेवला.

"काहीतरी बोला," डॉक्टर हळूच म्हणाल्या.

"येतील, येतील," उम्म सब्री म्हणाली.

गावात नऊ माणसं होती. तिथंच त्याला आंघोळ घातली, तिथंच नोंद केली. अर्ध्या तासात सगळं उरकलं. हाजचा चुलतभाऊ खुर्च्या कुठायत म्हणून इकडेतिकडे बघत होता. "कॉफी तरी?" त्यानं विचारलं. कॉफीही नव्हती. डॉक्टरांनी त्याला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. त्यानं मान हलवली, पण त्याला पटलं नव्हतं.

मला त्यांनी उम्म सब्रीबरोबर ठेवलं. सोबत म्हणून नव्हे. तिनं रडू नये म्हणून.

गुरुवारी बसीमा कोंबडीचं सूप घेऊन आली. "हाजला पाठव कैरोला. हॉस्पिटलचं खाणं म्हणजे भिजवलेला पुठ्ठा. कसे आहेत?"

"बरे आहेत," उम्म सब्री म्हणाली. "देवाची कृपा."

"बोलतात?"

"बोलतात."

"मला काही म्हणाले?"

उम्म सब्रीनं पातेलं हातात घेतलं. "म्हणाले, बसीमाचं सूप खारट असतं."

बसीमा खुशीत गेली. दार लागलं. उम्म सब्री पातेलं घेऊन तशीच उभी राहिली. मी त्यातलं थोडं दोन वाट्यांत ओतलं. आम्ही ते प्यालो. खारट होतं.

शुक्रवारी तीन बायका आल्या, शनिवारी पाच. सगळ्यांना ती म्हणाली, बरे आहेत. शनिवारी संध्याकाळपर्यंत ती ते इतकं चांगलं म्हणू लागली की मला भीती वाटली.

डॉक्टर घरी युक्तिवाद लिहीत होत्या. रोज सकाळी त्या सगळ्यात आधी पेपरातलं मृत्यूचं पान वाचत. आमच्याकडे चाळिशी उलटलेले सगळेच वाचतात, वकील तर पेन घेऊन वाचतात. त्या शुक्रवारी मात्र त्यांनी पेपर उघडला नाही. वेळ नव्हता. ज्या एका मरणाची त्यांना काळजी होती त्याची बातमी त्यांच्याकडे होतीच.

गावातल्या चुलतभावानं बुधवारीच कुवेतला फोन केला होता. "तुझ्या बापाला मांजरासारखं पुरलं. एक खुर्ची नाही. लोक विचारतात, मुलगा कुवेतला कमावतो की भीक मागतो?" आईनं सब्रीला गप्प राहायला सांगितलं होतं. आईला तो हो म्हणाला. पण हे ऐकून त्याला राहवलं नाही. त्यानं देशातल्या सगळ्यात मोठ्या पेपरात मृत्यूची जाहिरात दिली. शुक्रवारच्या अंकात, कारण शुक्रवारी सगळे वाचतात. चौकटीत. हाज शलबी अब्दुल-हफीझ, कफ्र शाहीनचे सन्माननीय व्यापारी. कुवेतच्या श्री. सब्री यांचे वडील. अमक्या घराण्याचे जावई, तमक्या घराण्याचे मामा. एकोणीस नावं. बुधवारी दफन झालं, असं स्पष्ट छापलं होतं. हाजच्या गल्लीत तो पेपर कुणी घेत नसे; वकील घेत.

रविवारी दहाला डॉक्टर उभ्या राहिल्या. समोर कारखान्याचा वकील वाएल शिनावी. त्यांचाच विद्यार्थी, बारा वर्षांपूर्वीचा. आत येताना त्यानं वाकून त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं होतं. "डॉक्टर, तब्येत सांभाळा. थकलेल्या दिसता."

त्या वीस मिनिटं बोलल्या. मी त्यांना इतकं चांगलं बोलताना ऐकलं नव्हतं. अहवालाची पानं त्यांना पाठ होती. हाजच्या रक्तातल्या शिशाचा आकडा त्यांनी दोनदा सांगितला. "माझे अशील," त्या म्हणत होत्या. "माझ्या अशिलाचा हात." वाएल मध्ये एकदाही बोलला नाही. मला वाटलं, तो हरलाय.

त्या बसल्यावर तो उठला. त्यानं बॅगेतून शुक्रवारचा पेपर काढला.

"न्यायाधीश महाराज, माझ्या गुरूंनी आत्ता वीस मिनिटं कुणाच्या वतीनं भाषण केलं, एवढंच मला विचारायचंय."

पेपर वर गेला. सोबत गावच्या आरोग्य कचेरीतला मृत्यूचा दाखलाही होता, शनिवारी काढलेला. दोन दिवस त्याला सगळं माहीत होतं. हाताचं चुंबन घेतानाही माहीत होतं. शनिवारी त्यानं कोर्टाला कळवलं असतं तर खटला नुसता थांबला असता. त्याला त्यांचं भाषण पूर्ण व्हायला हवं होतं.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "बाई, अशील हयात आहे का?"

"निकालासाठी हा खटला पूर्ण तयार आहे," डॉक्टर म्हणाल्या.

"मी ते विचारलं नाही."

डॉक्टरांनी समोरची फाईल मिटली. "नाही."

"तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?"

"बुधवारपासून."

"तिसऱ्या वर्षाला आम्हाला हेच शिकवलंत, डॉक्टर," वाएल हळू आवाजात म्हणाला, जणू त्याला वाईट वाटत होतं. "वकीलपत्र अशिलाच्या मागे एक क्षणही जगत नाही. मला त्यात पैकीच्या पैकी मिळाले होते."

मागच्या बाकावरचे दोन वकील हसले.

खटला थांबला. वारसांना सहा महिने मुदत मिळाली. डॉक्टरांच्या वागणुकीचा कागद वकिलांच्या संघटनेकडे गेला, एक प्रत कॉलेजात गेली. त्याच दुपारी कॉलेजनं त्यांच्याकडे लेखी खुलासा मागितला. त्या तिथं गेल्या. मांडवाचं त्या विसरल्या. मीही विसरले. सोमवारी मी उम्म सब्रीकडे गेले. तिनं दार उघडलं नाही. बसीमा खालून म्हणाली, "आता आलात? आमच्याकडून मेलेल्या माणसासाठी सूप नेलंत. थू."

चाळिसाव्या दिवशी मांडव उभा राहिला. गल्ली अडली होती. लाल-निळं कापड, सोनेरी खुर्च्या, कैरोहून आणलेला शेख. मांडव हाज फहीमनं घातला होता. दाराशी सब्री सूट घालून उभा होता आणि त्याच्या शेजारी हाज फहीम, दोघंही लोकांचे हात हातात घेत होते. दरवान कॉफी फिरवत होता.

डॉक्टर म्हणाल्या, "वर चल." त्यांच्या बॅगेत कोरं वकीलपत्र होतं. उम्म सब्री वारस होती. नवऱ्याच्या मागे तिचा आठवा हिस्सा. "आठवा पुरे," त्या जिन्यात म्हणाल्या. "कायद्याला दुखण्याचा आठवा भागही चालतो."

वर बायका दाटीनं बसल्या होत्या. आम्ही आत गेलो तशा गप्प झाल्या. कुणीतरी म्हणालं, "या. आज कुणाला लपवायचंय?"

उम्म सब्री काळ्या कपड्यांत भिंतीशी होती. डॉक्टर तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. त्यांनी हळू आवाजात सगळं सांगितलं. सहा महिने, आठवा हिस्सा, एक अंगठा. उद्या सकाळी नोंदणी कचेरीत.

"तो मी दिला," उम्म सब्री म्हणाली.

"काय दिलं?"

"अंगठा. त्या रविवारीच. तुम्ही येणार होतात ना दुपारी? मी जिन्याकडे कान लावून बसले होते. पावलं वाजली. मला वाटलं तुम्ही. तो वकील होता, गोरा पोरगा. बरोबर नोंदणी कचेरीतला कारकून, शिक्के घेऊन. वकिलानं माझे हात धरले. म्हणाला, आई, हाज गेले, कुणी तुम्हाला भेटायलाही आलं नाही? आणि तो रडला, डॉक्टर. तो रडला."

"कागद कसला होता?"

"मांडवाचा म्हणाला. मला कुठं वाचता येतं? दुखवट्याच्या घरात चाळीस बायका असतात. एखादी तरी शिकलेली असते. तिला विचारलं असतं. पण घरात कुणीच नव्हतं. मी सगळ्यांना सांगितलं होतं ना, बरे आहेत म्हणून."

"आणि सब्री?"

"त्यानं कुवेतहून दिलं लिहून. त्याला खटला नको. त्याला खुर्च्या हव्या होत्या."

डॉक्टरांचा चेहरा हलला नाही. "ही फसवणूक आहे. खटला सोडल्याच्या कागदावर तुमचा अंगठा खोटं सांगून घेतलाय. हे मी रद्द करून घेऊ शकते. तुम्ही फक्त कोर्टात येऊन सांगा, की तुम्हाला खोटं सांगितलं."

"कुणी कुणी सांगितलं, तेही सांगू?"

डॉक्टरांनी बॅगेची चेन लावली.

"मी अजून रडले नाही," उम्म सब्री म्हणाली. "मला वाटलं होतं रविवारी येईल. आलं नाही. सोमवारीही नाही. आता या सगळ्या जणी बघत बसल्यात मी कधी रडते ते. खाली आपसात म्हणतात, हिनंच मारला असेल." ती बायकांकडे वळली. "यांना कॉफी द्या गं. पाहुण्या आहेत."

कॉफी आली, बिनसाखरेची, हाज फहीमच्या कपांत. मला वाटलं डॉक्टर ती घेणार नाहीत. त्यांनी ती शेवटपर्यंत प्यायली. कप बशीवर ठेवला आणि मृताला देवानं क्षमा करावी, असं आमच्याकडे म्हणतात ते म्हटलं. चाळीस दिवसांत पहिल्यांदा.

जिन्यात त्या मधल्या पायरीवर थांबल्या. खालून शेखचा आवाज येत होता. मला वाटलं त्यांना चक्कर येतेय. मी हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही. बॅगेतून वही काढली.

"संघटनेच्या समितीला माझा निकाल द्यायला वर्ष लागेल," त्या म्हणाल्या. "तोवर माझी सनद आहे. कारखान्याच्या परवान्याला आव्हान नव्यानं देता येईल, पुढच्या वाढीच्या वेळी. जानेवारीत. भट्टीच्या मागच्या बाजूला कोण राहतं? तिकडे आजारी कोण आहे?"

मला एक नाव माहीत होतं. त्या चार दिवसांत बायकांच्या बोलण्यात आलं होतं. इनायत, कबुतरं विकणारी. पोटात कळा येतात, हिरड्यांवर शिशाची निळी रेघ आलीय. मी सांगितलं.

"वय?"

"एकेचाळीस."

"घरचं कुणी कारखान्यात?"

"कुणीच नाही. एकटी आहे."

त्यांनी नाव लिहिलं. पत्ता विचारला, तो लिहिला. मग पेन तसंच कागदावर टेकवून माझ्याकडे पाहिलं.

"पाच वर्षं टिकेल का गं ती?"

मी म्हणाले, टिकेल.